परीक्षकांच्या प्रशिक्षणातील परस्परपरिचय: ओळख वाढल्यावर परीक्षण निःपक्षपाती राहते का?

नवी_परीक्षक

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून गणित शिकवते. ऑनलाइन अध्यापनसाहित्याचे परीक्षण करणाऱ्या शिक्षकांच्या एका गटात माझी नुकतीच निवड झाली असून सहा आठवड्यांचे प्रशिक्षण या सोमवारी सुरू झाले. पहिला संपूर्ण आठवडा परस्परपरिचयासाठी राखून ठेवलेला आहे. प्रत्येकाने स्वतःविषयी सविस्तर लिहायचे, निदान तीन सहकाऱ्यांचे परिचय वाचून त्यांना प्रश्न विचारायचे आणि ज्यांच्यासोबत पुढे जोडीने परीक्षण करायचे आहे त्यांच्याशी अर्धा तास बोलायचे, असे त्याचे स्वरूप आहे. निकष, तारांकन किंवा अहवालाचा नमुना यांपैकी काहीही या आठवड्यात नाही.

माझी अडचण वेळेची नाही. काही वर्षांपूर्वी एका समितीत मी एका सहकाऱ्याने तयार केलेला प्रश्नसंच तपासला होता. अपूर्णांकांच्या भागाकाराची एक पायरी त्यात चुकीची समजावलेली होती आणि ती मला पहिल्याच वाचनात दिसली होती. मात्र रोजची ऊठबस असल्यामुळे मी "या भागात आणखी स्पष्टता आणता येईल" एवढेच लिहिले. संच तसाच वर्गांत गेला आणि पुढच्या सत्रात माझ्याच एका विद्यार्थिनीच्या वहीत ती चूक मला जशीच्या तशी सापडली. त्या पानावर लाल शाईने खूण करताना हात अडखळला, तो अजून आठवतो.

तेव्हापासून परीक्षण अनोळखी माणसांनीच करावे असे माझे मत झाले आहे. आता प्रशिक्षणच ओळखीपासून सुरू होत असेल, तर निर्णयावर तिचा परिणाम होणार नाही याची खात्री कशी बाळगायची? आणि परिचयात नेमके काय लिहावे, की ज्याचा पुढच्या कामाला खरोखर उपयोग होईल?

रसायनाचे_शिक्षक

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. थोड्याफार फरकाने तो आमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आलेला आहे. तरीही परिचयाच्या आठवड्याविषयी माझे मत तुमच्या नेमके उलट आहे, आणि ते ज्या प्रसंगामुळे झाले तो जरा विस्ताराने सांगतो.

मी आणि माझे एक सहकारी मिळून एक सिम्युलेशन तपासत होतो. पडद्यावर चंचुपात्रात आम्ल, वर ब्युरेटमध्ये आम्लारी. बटण दाबले की एकेक थेंब पडतो आणि वैश्विक दर्शकामुळे द्रावणाचा रंग तांबड्यावरून नारिंगी, पिवळा होत होत हिरव्यावर येतो. हिरवा रंग दिसला की थांबायचे, एवढीच सूचना होती. मांडणी स्वच्छ होती, बटणे मोठी होती, म्हणून वापरातील सुलभतेसाठी मी पाच तारे दिले. सहकाऱ्यांनी दोन दिले. हे गृहस्थ उगाच कडक आहेत, असे माझ्या मनात प्रथम आले. मग त्यांचा परिचय पुन्हा काढून वाचला. तांबडा आणि हिरवा हे रंग आपल्याला वेगळे ओळखता येत नाहीत आणि प्रयोगशाळेत आपण नेहमी पीएच मीटरवर विसंबून असतो, असे त्यांनी त्यात एका वाक्यात लिहिलेले होते. ते वाक्य मी पहिल्या आठवड्यात वाचले होते आणि विसरूनही गेलो होतो. फोनवर ते म्हणाले, "मी थेंब टाकतच राहिलो, थांबायचे कुठे ते मला कळलेच नाही."

प्रत्यक्ष प्रयोगातही रंगच पाहावा लागतो, मग सिम्युलेशनला दोष का द्यावा, असे मी विचारले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की प्रयोगशाळेत आपण शेजारी मीटर ठेवू शकतो, येथे ते फक्त निर्मात्याच्या हाती आहे. वेबवरील सुलभतेसाठी असलेल्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत माहिती केवळ रंगाच्या आधारे देऊ नये ही अट अगदी पहिल्या, म्हणजे 'ए' स्तरावरच आहे. ती मला पाठ होती, तरीही डोळ्यांसमोर ती मोडली जात असताना मला दिसली नाही. अखेरीस आम्ही तीन तारे देऊन द्रावणाशेजारी पीएचचा आकडा दाखवावा, अशी स्पष्ट सूचना लिहिली आणि निर्मात्यांनी पुढे तो आकडा जोडला.

म्हणून परिचयात पदव्या आणि अनुभवाची वर्षे दोन ओळींत आटोपावीत. त्याऐवजी तुमचे विद्यार्थी कोणत्या उपकरणावर शिकतात, एका वेळी किती जण असतात, त्यांना सर्वांत जास्त काय अडते आणि एखादे साहित्य तुम्ही वर्गात वापरून पाहिल्यावर फसले असेल तर ते कशामुळे, हे लिहा. सहकाऱ्याला तुमचे तारे समजून घेताना याच गोष्टी हाताशी लागतात.

भाषेची_शिक्षिका

वरील उत्तरात एका गोष्टीची भर घालते. मिळालेल्या साहित्याचे तुम्ही पुढे काय करता, हेही परिचयात लिहावे. मी धड्यांचे भाषांतर करून ते इतर शिक्षकांना देते, असे मी लिहिले होते. सरावासाठी आलेल्या पहिल्याच पाठाचा परवाना त्यामुळे मी आधी पाहिला. तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'एनडी' परवाना होता, म्हणजे त्या पाठात बदल करून तो इतरांना वाटता येत नाही, आणि भाषांतर हाही बदलच आहे. गटातील बाकीच्यांनी पाठ मोफत आहे एवढे पाहून तो मुक्त आहे असे गृहीत धरले होते. 'मुक्त शैक्षणिक संसाधने' ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोच्या एका बैठकीत पुढे आली, आणि युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारशीतही मोफत उपलब्धतेसोबत पुनर्वापर, रूपांतर आणि पुनर्वितरण यांची मोकळीक व्याख्येतच आहे. हा फरक मी समजावला तेव्हा कोणी वाद घातला नाही, कारण मी हे का विचारते आहे ते परिचयामुळे सर्वांना आधीच ठाऊक होते.

प्रशिक्षण_गट

मी अशा प्रशिक्षणांचे संयोजन करते. मूळ प्रश्नात दोन वेगळ्या ओळखी एकत्र झाल्या आहेत, असे मला वाटते. तुम्हाला त्रास झाला तो साहित्याच्या निर्मात्याशी असलेल्या ओळखीचा. तेथे उपाय एकच आहे: ओळख आधीच लेखी कळवावी आणि त्या साहित्यापुरते परीक्षणातून बाजूला व्हावे. सहपरीक्षकाची ओळख ही निराळी बाब आहे, कारण तुम्ही त्यांच्या कामाला तारे देत नसता. दोघे मिळून तिसऱ्याच्या कामाकडे पाहत असता.

अर्थात तीही ओळख पूर्ण निर्धोक नाही. सौजन्यापोटी दोघांचे आकडे हळूहळू एकमेकांजवळ सरकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यावर कामाचा क्रम हाच उपाय आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने १९९७ मध्ये सुरू केलेल्या मर्लॉट या संग्रहाच्या पद्धतीत परीक्षक आशयाचा दर्जा, अध्यापनाचे साधन म्हणून संभाव्य परिणामकारकता आणि वापरातील सुलभता या तीन अंगांनी साहित्य पाहतात. हे काम ते आधी स्वतंत्रपणे करतात आणि मगच त्यांच्या अहवालांचा एक संयुक्त अहवाल तयार होतो. लोरी या नऊ निकषांच्या परीक्षणसाधनाभोवती जी पद्धत विकसित झाली तिच्यातही प्रत्येकाने आधी एकट्याने गुण द्यायचे असतात आणि एकत्र बसल्यावर चर्चेची सुरुवात ज्या निकषावर सर्वांत मोठी तफावत आहे तेथून करायची असते. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. जिथे दोघांचेही चार तारे आहेत तिथे वेळ घालवण्यात अर्थ नसतो. जिथे एकाचे पाच आणि दुसऱ्याचे दोन आहेत, तिथे कोणाला तरी दुसऱ्याला न दिसलेले काहीतरी दिसलेले असते. ते विचारायला मोकळेपणा लागतो आणि तो पहिल्या आठवड्यात कमवावा लागतो. ज्या गटांत आम्ही परिचय घाईने उरकला, तेथे तफावत निघाल्यावर दोघेही मुकाट्याने मधला आकडा लिहून मोकळे झाले. पाच आणि दोन यांचे साडेतीन झाले आणि कारण कोणालाच कळले नाही.

गुण नोंदवून झाल्याशिवाय एकमेकांचे गुण पाहायचे नाहीत, हे तुमच्या सहकाऱ्यांशी पहिल्याच संभाषणात ठरवून घ्या. आणि तुम्ही येथे लिहिलेला प्रश्नसंचाचा प्रसंग परिचयात लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नवी_परीक्षक

सर्वांचे मनापासून आभार. निर्मात्याची आणि सहपरीक्षकाची ओळख मी एकच मानून चालले होते, हे लक्षात आले. काल रात्री परिचय पुन्हा लिहिला. पदव्या एका ओळीत आल्या. माझे बहुतेक विद्यार्थी धडे मोबाइलवर वाचतात आणि आडव्या रेघेचा अपूर्णांक लहान पडद्यावर तिरक्या रेघेचा झाला की अंश कोणता आणि छेद कोणता यात गोंधळतात, हे लिहिले. त्याखाली प्रश्नसंचाचा प्रसंगही लिहिला.

माझे सहपरीक्षक इतिहास शिकवतात. सकाळी त्यांचा प्रश्न आला होता: "त्या वेळी कोणी काय विचारले असते, म्हणजे तुम्ही चूक स्पष्टपणे लिहिली असती?" मी बराच वेळ विचार करून उत्तर दिले की "ही पायरी तुम्ही उद्या स्वतःच्या वर्गात अशीच शिकवाल का?" असे विचारले असते, तर मला लिहावेच लागले असते. हा प्रश्न प्रत्येक अहवालाच्या शेवटी एकमेकांना विचारायचा आणि गुण एकमेकांना दाखवण्याआधी नोंदवून ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे. पहिले साहित्य सोमवारी येणार आहे.