मदत हवी आहे : मुलीची पोटगी थकली आहे, वडील पत्ताच लागू देत नाहीत

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १२५ खाली कोर्टाने २०२३ मध्ये तिच्यासाठी महिना ६,००० रुपये मंजूर केले. सुरुवातीला पैसे आले, मग बंद. आज चौदा महिने झाले.

तिचे वडील चाकणची नोकरी सोडून गेले. नोटीस दोनदा परत आली, पाकिटावर पोस्टमनने लाल पेनाने 'लेफ्ट' लिहिलेलं. सासरचे म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही. पण ओळखीच्या एकाने त्यांना सुरतेत पाहिलंय, तिथे कंपनीत कामाला आहेत म्हणे.

वकील म्हणाले की वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणजे पहिले दोन महिने गेलेच का? की सुप्रीम कोर्टाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी (दिवाणी कोर्टाच्या पैशाच्या आदेशासारखी) वसुली करून तेही मिळतील? आणि अर्ज आता नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४ खाली करायचा का?

दुसरं, सुरतेतल्या कंपनीला पगारातून कापायचा आदेश इथल्या कोर्टातून काढता येतो का? कोणी काढलाय का? वॉरंट दुसऱ्या राज्यात बजावायला पोलिसांचा पाठपुरावा कसा केलात?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तिथे सोमवारी जाणार आहे. सोबत कोणते कागद नेऊ?

त्यांना तुरुंगात धाडायची मला हौस नाही. जूनमध्ये फी भरायची आहे, लेकीचे बूट पुढून फाटलेत. अनुभव असलेल्या ताईंनी, वकील मंडळींनी कृपया सांगा.