'तो हल्ली काय करतो?' यावर बाहेर काय सांगता? अनुभव लिहा

दादाला स्किझोफ्रेनिया होऊन चौदा वर्षं झाली. पहिली सहा वर्षं कुणी विचारलं की आम्ही बेधडक सांगायचो, पुण्याला कंपनीत आहे. आणि दादा वरच्या खोलीत! दिवाळीला पाहुणे असले की आई त्याचं ताट पदराखाली झाकून वर न्यायची आणि खाली आल्यावर 'कपडे काढायला गेले होते' म्हणायची. गोळी घ्यायचा नाही म्हणून मी कुटून शिऱ्यात घालायचे, एकदा त्याच्या दाताखाली तुकडा आला, तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही, आता गोळी स्वतःहून घेतो तरीसुद्धा. तुमच्या घरी, तुम्ही राहता त्या देशात, लोक काय सांगतात? लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

---

आमची आत्या, सोलापूरची. तिला 'बाहेरचं आहे' असं ठरलं, गाणगापूरला नेलं, आरतीच्या वेळी तिथे जे चालतं ते सगळं झालं, आणि त्यात लाज कुणाला नव्हती, अख्ख्या आळीत प्रसाद वाटला. पुढे डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, लिथियम सुरू झालं आणि घर एकदम चिडीचूप. लिथियमची लेव्हल बघायला रक्त द्यायला जायची तरी आजी 'शुगर तपासायला' म्हणायची. म्हणजे भूत लागलेलं चालतं, गोळी लागू पडलेली नाही.

---

मी जपानमध्ये आहे. इथेही घरचे झाकतातच, पूर्वी तर घरातल्या घरात कोंडून ठेवायला कायद्याने परवानगी होती, ती १९५० साली गेली. पण एक गोष्ट आवडली. स्किझोफ्रेनियाचं जुनं जपानी नाव म्हणजे सरळसरळ 'मन फाटण्याचा रोग', डॉक्टरच घरच्यांना ते सांगायला कचरायचे. पेशंटच्या घरच्यांच्या संघटनेने १९९३ मध्ये नाव बदला म्हणून मागणी केली आणि २००२ मध्ये बदललं. आता साधारण 'मनाचा मेळ बिघडणे' असा अर्थ होतो. आपल्या पुस्तकातलं 'छिन्नमनस्कता' आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हे काय शिवी दिल्यासारखं.

---

वरचं वाचून राहवलं नाही. बेल्जियममध्ये अँटवर्पपासून जवळ खेल नावाचं गाव आहे, माझा एक सहकारी तिथला. संत डिंफनाच्या देवळात लोक वेडाच्या माणसांना आणायचे (आपल्यासारखंच की!), जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली, ती मध्ययुगापासून अजून चालूय. १९३० च्या दशकात तीन हजारांवर माणसं अशी राहायची. आता बरीच कमी. याच्या आजीकडे एकजण कित्येक वर्षं होता, कोंबड्या त्याच्याकडे. आजाराचं नाव काय विचारलं तर हा म्हणे, आम्हाला कधी सांगितलंच नाही, तशीच पद्धत होती. परक्याला सांभाळणं कदाचित सोपं जात असेल, स्वतःच्या पोराकडून अपेक्षा असतात ना.

---

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', तिथे जाऊन या. कॅनडात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी काढली, त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. तिथे पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला आधी ते फार गोडगोड वाटलं, खरं सांगते. पण नवऱ्याबद्दल मोठ्याने बोलायला तीच पहिली जागा मिळाली, तीन वाक्यं बोलले आणि रडले, शेजारच्या काकांनी न बोलता चहाचा कप पुढे सरकवला.

---

आमचं सध्या अडलंय. माझं स्थळ बघणं चालू आहे, बायोडेटात 'भाऊ – एक' एवढंच आहे. रविवारी येणारेत. आई म्हणते त्याला तेवढ्यापुरता मावशीकडे पाठवू, बाबा गप्प. आणि तो म्हणतो पोहे मी करतो, माझे चांगले होतात. होतात खरंच.