पाकिस्तानातल्या हिंदू खासदाराला मतं देतं तरी कोण?

फुले मार्केटचा मुनीम (जळगाव)
मंडळी, एक वाद मिटवून द्या. मी कापडाच्या दुकानात हिशोब लिहितो. शेठ सिंधी. त्यांचे मेव्हणे १९९८ला पाकिस्तानातल्या मीरपूरखासहून कायमचे इकडे आले. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेवढ्यात शेठच्या मोबाइलवर मेसेज: 'महेश मलानी, पाकिस्तानच्या इतिहासातला पहिला हिंदू खासदार, मुसलमान उमेदवाराला पाडून निवडून आला.' मेव्हणे म्हणाले, थापा आहेत. तिकडे हिंदूची मतपत्रिकाच वेगळी असते, मग मुसलमानाशी लढत होईलच कशी? शेठ म्हणतात, मेव्हण्यांना आता नीट आठवत नाही. चहा गार झाला तरी दोघं हटेनात. खरं कोण?

तळोद्याचा नाना
मुनीमजी, दोघंही खरे. मेसेज मात्र अर्धा खोटा.

मेव्हणे सांगतात ते १९८५पासूनचं. लष्करशहा झिया-उल-हक यांनी मतदार धर्मावर वाटून टाकले. नॅशनल असेंब्लीत, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, बिगरमुस्लिमांच्या १० जागा, त्यातल्या हिंदूंच्या ४, आणि त्या चारांसाठी मतदारसंघ म्हणजे अख्खा देश! थरच्या वाळवंटातल्या माणसानं कराचीच्या उमेदवाराला मत द्यायचं, आणि गावातला मुसलमान पुढारी हिंदूंच्या गल्लीत कशाला फिरकेल? तिथं त्याचं मतच नाही. हे १९९७च्या निवडणुकीपर्यंत चाललं. २००२ला मुशर्रफ यांनी मतदारयादी एक केली, फक्त अहमदियांची वेगळी ठेवली. हा पंथ स्वतःला मुसलमान म्हणवतो, पण तिथला कायदा त्यांना मुसलमान मानत नाही.

आता मलानी. सिंधमधल्या थरपारकर जिल्ह्याचे, पेशानं डॉक्टर, पीपल्स पार्टीचे. २००८ला ते राखीव जागेवर नॅशनल असेंब्लीत गेले. इथं आपल्या लोकांचा घोळ होतो. आपला नंदुरबार लोकसभा मतदारसंघ राखीव, पण उमेदवार तेवढा आदिवासी लागतो, मत सगळ्यांचं. माणिकराव गावित १९८१पासून नऊ वेळा निवडून गेले ते गुजर, पाटील, मुसलमान, सगळ्यांच्या मतांवर. मी मास्तर होतो, इलेक्शन ड्युटीला धडगावच्या डोंगरात पेट्या घेऊन पायी गेलोय. रात्री शाळेच्या ओट्यावर झोपायचं, सकाळी म्हातारी येऊन शाई लावायला बोट पुढे करायची. तिच्या त्या बोटावर खासदार ठरायचा. पाकिस्तानच्या आजच्या राखीव जागेला असं बोटच नाही. पक्ष आधी नावांची यादी देतो, मग सर्वसाधारण जागा जितक्या जिंकल्या त्या हिशोबानं यादीतली नावं आत जातात. दारात मत मागायला कुणी येत नाही.

म्हणून मलानींचं पुढचं पाऊल मला मोठं वाटतं. २०१३ला ते सिंध असेंब्लीच्या, म्हणजे प्रांताच्या विधानसभेच्या, सर्वसाधारण जागेवर निवडून आले, आणि २५ जुलै २०१८ला थरपारकरच्या एनए-२२२ या मतदारसंघातून थेट नॅशनल असेंब्लीत. मतं १ लाख ६ हजारांवर. समोर अरबाब झकाउल्ला, थरमधलं वजनदार घराणं, ते ८७ हजारांच्या घरात राहिले. २०२४ला मलानी पुन्हा आले, मतदारसंघाचा नंबर तेवढा बदलला.

पण 'इतिहासातला पहिला हिंदू खासदार' काढून टाका. जोगेंद्रनाथ मंडल १९४७च्या संविधान सभेत होते, पहिल्या बैठकीचे हंगामी अध्यक्ष तेच, पुढे कायदामंत्रीही. उमरकोटचे राणा चंद्रसिंह तर कितीदा निवडून आले. मलानी पहिले ते मतदारयादी एक झाल्यानंतर, नॅशनल असेंब्लीच्या सर्वसाधारण जागेवर.

शिरपूरकर
नाना, तुम्हनं म्हननं पटनं माले. पण एक आहे. थरपारकरात हिंदू ४० टक्क्यांच्या वर. शिवाय सिंधमध्ये पीपल्स पार्टीचं तिकीट म्हणजे अर्धी निवडणूक. आणि तिथले बहुतेक हिंदू मेघवाड, कोळी, भिल्ल. आमच्याकडे भिल्ल आहेत तसेच तिकडेही. तिकीट मात्र पैसेवाल्या वरच्या जातीला. याचं काय?

तळोद्याचा नाना
बरोबर बोललास भाऊ, मलानी वरच्या जातीतलेच. तरी कृष्णाकुमारी कोळी २०१८ला त्याच पक्षाकडून सिनेटवर, म्हणजे तिकडच्या राज्यसभेवर, गेल्या, नगरपारकरच्या, लहानपणी जमीनदाराच्या वेठीत राहिलेल्या. पण सिनेटला मतं देतात आमदार, जनता नाही. म्हणजे तू म्हणतोस ते उरतंच. तिकिटाचं म्हणशील तर आपल्याकडेही तिकिटावरच अर्धं ठरतं, हे मी कुणाला सांगायला नको.

फुले मार्केटचा मुनीम (जळगाव)
नाना, वाचून दाखवलं. मेव्हणे १९९७ निघाल्यावर एकदम खुलले. म्हणाले, तेव्हाचं आमचं शेवटचं मत, ज्याला दिलं त्याचा चेहरा जन्मात पाहिला नाही, नाव तेवढं छापलेलं. नागरिकत्व उशिरा मिळालं, म्हणून इथलं पहिलं मत त्यांनी २०१९ला दिलं. केंद्रावर पोलिसाला विचारलं होतं, हिंदूंची रांग कुठली? त्यानं बायकांची आणि पुरुषांची दाखवली.

शेठ म्हणतात चहाचे पैसे त्यांचे. अहमदियांची यादी अजून वेगळीच आहे का?

तळोद्याचा नाना
हो, अजून वेगळीच.