अठरा पूर्ण झाले की संस्थेबाहेर: ही मर्यादा २१ करावी का?

उत्तररंग
बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात (सरकारने मूल सांभाळायला दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात) वाढलेल्या मुलांची सरकारी जबाबदारी बऱ्याच देशांत अठराव्या वर्षी संपते. माझं म्हणणं सरळ आहे: ती २१ पर्यंत कायद्याने बंधनकारक करा. आईबापांच्या घरात वाढलेल्या मुलाला वाढदिवस झाला म्हणून कोणी सामान बांधायला सांगत नाही. ज्यांना असं घर मिळालंच नाही, त्यांनी मात्र सगळ्यांच्या आधी स्वतःच्या पायावर उभं राहायचं. हा अन्याय आहे.

अमेरिकेत याची तुलना झाली आहे. इलिनॉय राज्यात मुलांना २१ पर्यंत राहता येत होतं. आयोवा आणि विस्कॉन्सिनमध्ये साधारण अठराव्या वर्षी बाहेर पडावं लागे. तिन्ही राज्यांतल्या मुलांचा काही वर्षं माग ठेवला, तेव्हा इलिनॉयमधली मुलं कॉलेजपर्यंत जास्त प्रमाणात पोचलेली दिसली. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे, पण बाहेर पडताना आर्थिक मदत 'देता येईल' एवढंच कायदा म्हणतो. अधिकारी कळकळीचा असला तर मुलाचं नशीब, नसला तर अर्ज पडून.

रोखठोक
त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. इलिनॉयमधली मुलं २१ पर्यंत छपराखाली होती, पण बाहेर पडल्यावर त्यांच्यातलेही बरेच बेघर झाले. संकट टळलं नाही, फक्त लांबलं.

पैसा मर्यादित असेल तर तो पहिल्या दोन-तीन वर्षांवर खर्च व्हावा. रोमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये संस्थेतल्या १३६ लहान मुलांवर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत पाठवलं. ती मुलं बुद्धी आणि जिव्हाळा दोन्हींत पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. पुढे रोमानियाने २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवणं, गंभीर अपंगत्वाचे अपवाद सोडता, बंद केलं. मुलं संस्थेत येणारच नाहीत असं बघा. बाहेर पडायच्या वयावर भांडण्यात अर्थ नाही.

शमा
रोखठोक, तान्ह्या मुलांबद्दलचं पटतं. पण जी मुलगी आज सतरा वर्षांची आहे, तिला काय सांगायचं? तुझी वेळ गेली?

मी बालगृहात अधीक्षक होते. वयाची मर्यादा महत्त्वाची आहेच, पण मुलांना जास्त पोखरतं ते माणसांचं बदलत राहणं. नवी कार्यकर्ती आली की मुलीने पुन्हा पहिल्यापासून सांगायचं: आई कधी गेली, काका कसा वागला, आधीच्या संस्थेतून पळाली का. दोन-तीनदा सांगून झालं की ती बोलणंच थांबवते. मग अहवालात शेरा पडतो, 'सहकार्य करत नाही'. तो शेरा पुढच्या प्रत्येक टेबलावर तिच्याआधी पोचतो. मला याचा आजही संताप येतो.

आणि कागदपत्रं! जन्माचा दाखला नाही, कायमचा पत्ता नाही, म्हणून बँकेत खातं नाही, म्हणून पगार हातात रोख आणि मालकाच्या मर्जीवर. ही कामं सोळाव्या वर्षीच सुरू करायला हवीत. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा सल्लागार आणि लेखी आराखडा मिळाला. २०१७ च्या कायद्याने हा सल्लागार २५ व्या वर्षापर्यंत मागता येतो.

रोखठोक
शमाताई, सल्लागार कागदावर मिळतो. एकाच माणसाकडे डझनावारी मुलं दिली की त्याचा फक्त फोन नंबर उरतो.

निनाद
मग पैसे थेट मुलांच्या हातात का देत नाही? वेल्स सरकारने २०२२ मध्ये प्रयोग सुरू केला: संस्थेतून किंवा प्रतिपालक कुटुंबातून बाहेर पडणाऱ्या, अठरा पूर्ण होणाऱ्यांना दोन वर्षं दरमहा १६०० पौंड, करापूर्वी, कसलीही अट न घालता. काय गरज आहे ते मुलं ठरवतील. आपण त्यांच्यावर विश्वास का ठेवत नाही?

शमा
विश्वास आहे. पण अठराव्या वर्षी हातात पैसा आला की कधीही न भेटलेले नातेवाईक दारात येतात, हेही पाहिलंय. पैसे द्याच, सोबत हक्काने फोन करता येईल असं एक माणूसही द्या.

उत्तररंग
रोखठोक यांचा बेघरपणाचा मुद्दा मान्य, म्हणून मागणी अधिक नेमकी करतो. मोठा बदल हवा तो परत येण्याच्या हक्काचा. अठराव्या वर्षी बहुतेकांना संस्थेचा वीट आलेला असतो, ती निघून जातात, सहा महिन्यांत खोली जाते, आणि तोवर दार बंद झालेलं असतं. कॅलिफोर्नियात बाहेर पडलेल्याला २१ च्या आत परत येता येतं. जबाबदारी २१ पर्यंत, मधे परतीची मुभा, आणि सल्लागार तोच.

रोखठोक
परतीची मुभा असेल तर माझा विरोध निम्मा कमी होतो. पण एका सल्लागाराकडे जास्तीत जास्त किती मुलं, हा आकडा कायद्यातच लिहा आणि तेवढी पदं आधी भरा. ते होईपर्यंत लहान मुलांच्या प्रतिपालकत्वाचा निधी इकडे वळवायला माझा विरोध राहील.