बायकांचा ब्लेझर: पुरुषी कटिंग हवं की नको?

सुईदोरा: फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने १९६६ साली 'ल स्मोकिंग' हा बायकांचा सूट आणला, तेव्हा पुरुषांचा टक्सिडो त्याने स्त्रीच्या अंगावर नव्याने बेतला होता. आज दुकानात 'ओव्हरसाइज' म्हणून मिळतो तो निव्वळ पुरुषाचा कोट. लोकलमध्ये कडी धरायला हात वर करून बघा. मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेचा गोल) खोल असेल तर बाहीबरोबर अख्खा कोट वर चढतो आणि कॉलर मानेपासून सुटते. मुंढा काखेला लागून असेल तर फक्त बाही हलते. दुसरी अडचण छातीची. पुरुषांच्या कोटाला पुढे एक बारीक टक्स (कापड दुमडून घातलेली निमुळती शिवण) पुरतो, इथे प्रिन्सेस कट (छातीवरून कमरेकडे जाणारी उभी शिवण) लागतो. तो नसला की लॅपल (कॉलरखालची दुमडलेली पट्टी) फुगतो, बटणाशी आडव्या चुण्या पडतात. असलं कटिंग बायकांच्या माथी मारू नये.

मांजरपाट: नाही पटलं. हा दोष मापाचा आहे, पुरुषी शिवणकामाचा नाही. पुरुषाची चांगली पँट उलटी करून बघा: मागच्या शिवणीला कमरेशी इंचभर तरी मार्जिन असतं, वजन वाढलं तर उसवून सोडता येतं. बायकांच्या रेडिमेड पँटला बहुतेक वेळा अर्धा इंचही नसतं, वर ओव्हरलॉक (धागे निघू नयेत म्हणून कडेवरची शिलाई) मारलेलं. आणि खिसे! नुसती पट्टी शिवलेली, आत पिशवीच नाही. बायकांनी हे सगळं हक्काने मागायला हवं.

सुईदोरा: मार्जिन आणि खिसे मान्य. पण दोष मापाचा म्हणून 'मोठा घ्या, आल्टर करा' हा सल्ला देऊ नका. बाजूंनी मिळून दीड-दोन इंचांपेक्षा जास्त आत घेतलं की खिसे मागे सरकतात. खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा पुन्हा कापावा लागतो. त्यापेक्षा नवा शिवून घेतलेला बरा.

कासोटा: दोघंही मुंबईची हवा विसरताय. स्वस्त कोटात बुक्रम (कोटाला ताठपणा देणारं आतलं कापड) गोंदाने चिकटवलेलं असतं. घाम आणि घरची धुलाई मिळून ते सुटतं, छातीवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात आणि इस्त्रीने क्वचितच बसतात. पॉलिएस्टरचं पूर्ण अस्तर म्हणजे तर अंगाभोवती प्लास्टिक. लिनन किंवा ट्रॉपिकल वूल (उन्हाळी, हलकं लोकरी कापड) घ्या, अस्तर फक्त बाह्यांना आणि पाठीच्या वरच्या भागाला. इटालियन डिझायनर अर्मानीने १९७०च्या दशकात कोटातलं जाड पॅडिंग काढलं ते उगाच नाही.

आणि मोकळं चालता यावं म्हणून बायकांना पुरुषाची पँट घ्यावी लागली असं नेहमी ऐकू येतं, ते निदान आपल्याकडे तरी म्हणू नका. कासोटा घातलेल्या लुगड्यात कोळणी डोक्यावर पाटी घेऊन भराभर चालत आल्या आहेत.

मांजरपाट: लुगड्याचा मान आहेच, पण ऑफिसात रोज कोण नेसणार? अस्तराचं मात्र बरोबर. फक्त पाठ उघडी ठेवली तर आतल्या शिवणींच्या कडांना पायपिन (वरून शिवलेली बारीक पट्टी) हवी, नाहीतर धागे निघतात.

सुईदोरा: म्हणून कच्च्या शिलाईवरच ट्रायल द्या. दोन्ही हात वर करा, बटण लावून खाली बसा, खिशात फोन ठेवून बघा. एकदा बाही पक्की बसली की मुंढा वर नेता येत नाही, कापलेलं कापड परत जोडणार कुठून?