मदत हवी आहे: उपप्रकल्पांना मोकळीक किती द्यावी?

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणीतले आम्ही काही जण मराठी-कन्नड टायपिंगसाठी ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर बनवतो. कीबोर्ड, शब्दकोश, शुद्धलेखन तपासनीस, असे तीन उपप्रकल्प. तिन्ही टीम वेगळ्या.

अडचण अशी झाली. 'दुसऱ्या'मधला र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक सांकेतिक पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र् पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकून. कीबोर्ड एक प्रकार वापरतो, शब्दकोश दुसरा. दिसायला शब्द अगदी सारखेच, पण तपासनीस बरोबर शब्दांखाली लाल रेघ मारतो! एकच नियम ठरवूया म्हटलं, तर निपाणीकर म्हणाले, आमच्या कामात ढवळाढवळ नको. त्यांचंही खरं आहे. नोकरी सांभाळून रात्री फुकट राबतात, त्यांना दुखवायचं नाही.

अपाची फाउंडेशन ही अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी संस्था. तिथे लायसन्स (वापराचा परवाना) सगळ्यांना एकच, रिलीजला (नवी आवृत्ती प्रसिद्ध करायला) किमान तीन अनुकूल मतं लागतात. तांत्रिक निर्णय मात्र ज्या-त्या प्रकल्पाचे. मला वाटतं, आपणही लायसन्स आणि अक्षरांचं एन्कोडिंग (कोणतं अक्षर कसं साठवायचं) तेवढं सक्तीचं करावं.

असे प्रकल्प चालवलेल्यांनी सांगा: सक्तीचं काय ठेवलंत? आणि ते ठरवलं कुणी, मतदानानं की जुन्या जाणत्यांनी?