मुंगी न मारणाऱ्या धर्मात दगड कुठून येतो?

खडेबाजारकर
काल इथं एकानं लिहिलं, "बौद्ध, जैन मुळातच अहिंसक. हिंसा करील तो त्या धर्माचा नव्हेच." वाचून डोकं फिरलं. खून झाला की नाव कापायचं, घराणं स्वच्छ! २०१३ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या मेइक्तिलात सोन्याच्या दुकानातल्या भांडणावरनं पेटलं, चाळीसहून जास्त माणसं गेली, बहुतेक मुसलमान. विराथू हा भिक्खू आधीपासून सांगत फिरत होता, त्यांच्या दुकानातनं घेऊ नका. बौद्धांच्या दुकानांवर ९६९ चे स्टिकर. हे अंक बुद्ध, धम्म, संघाच्या गुणांचे, बरं का. मग हा पण धर्माबाहेरचा?

शहापूरचा
काका, लष्कर सोडलंत की. रोहिंग्या मुसलमानांना नागरिकत्व नाकारणारा १९८२ चा कायदा भिक्खूंनी केला नाही. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात गेले, ते लष्करानं हाकलले. आणि २००७ मध्ये तिथल्याच भिक्खूंनी लष्करावाल्यांची भिक्षा नाकारून पात्रं उपडी धरली होती. ते कोण सांगणार?

खडेबाजारकर
लष्करानं हाकललं आणि भिक्खूनं आशीर्वाद दिला. अर्धं अर्धं वाटून घ्या.

खानापूरची सून
श्रीलंका बघा. सिंहली लोक बेटावर बहुसंख्य, पण समोर तामिळनाडू दिसतो, म्हणून भीती मात्र अल्पसंख्याकासारखी. १९५६ ला सरकारी भाषा 'फक्त सिंहली'चा कायदा. पुढच्या वर्षी पंतप्रधान बंडारनायकेंनी तमिळांशी करार केला, १९५८ मध्ये भिक्खू त्यांच्या घरापुढं बसले आणि करार मोडला. १९५९ मध्ये त्यांना गोळी घातली तीही भिक्खूनं. धर्म शांत असतो हो, 'आपलं बेट बुडालं' ही भीती शांत नसते.

येळ्ळूर रोड
ताई, १९५६ म्हणालात ना? त्याच वर्षी आम्हालाही इकडं कन्नड राज्यात ढकललं! बहुसंख्याकाची भीती म्हणजे काय ते बेळगावात येऊन बघा. राज्य त्यांचं, पोलीस त्यांचे, अधिवेशनाला सुवर्णसौध त्यांचं, तरी मराठी पाटी दिसली की पोटात गोळा. आता पाटीवर साठ टक्के कन्नड. माझ्या दुकानाची पाटी दोनदा रंगवली, पेंटरचे पैसे कोण देणार?

चिकोडीचा कन्नडिगा (मराठीत लिहितोय, बघा)
सुरू झालं. म्यानमारमधनं थेट पाटीवर! बोर्डावर कन्नड लिहायला सांगणं आणि माणसं जाळणं एकच काय?

येळ्ळूर रोड
एकच म्हटलं नाही. २०१४ ला येळ्ळुरात 'महाराष्ट्र राज्य'चा फलक काढला, तेव्हा पोलिसांनी घराघरात शिरून लाठ्या घातल्या. तुमच्या घरात शिरले होते काय?

चिकोडीचा कन्नडिगा
आमच्या बसवर काळं फासलं तेव्हा आत माझी आई बसली होती.

खडेबाजारकर
अरे बाबांनो, धागा अहिंसेचा आहे!

शहापूरचा
ताई, बंडारनायकेंच्या खुनात मागचा सूत्रधार केळणियाच्या विहाराचा प्रमुख होता, आणि रागात धंद्याची कंत्राटंही होती. सगळं भाषेच्या माथी मारू नका.

खानापूरची सून
बरं, कंत्राट तर कंत्राट. विहाराच्या प्रमुखाला कंत्राट कशाला लागतं, एवढं मात्र सांगा.

निपाणीचा जैन
मी बोलणार नव्हतो. ८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात आमच्या मामांनी एसटीच्या काचेवर दगड टाकला. मुंगी न मारणारा माणूस. रात्री घरी आले, तर उंबऱ्यावर किडा चिरडू नये म्हणून बॅटरी मारून आत आले. आजीनं ताट वाढलं, तर म्हणाले, "दिवस मावळला, आता नको." आजी म्हणाली, "दगड टाकताना दिवस होता काय रे?" मामा गप्प. काचेमागं कोण होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

चिकोडीचा कन्नडिगा
कुठली बस होती हो?

निपाणीचा जैन
ते मी पण विचारलं नाही.

येळ्ळूर रोड
दगड चुकला, मान्य. पेंटरचे पैसे मात्र अजून बाकी आहेत.